डुकरांतील जठरव्रण

डुकराची ग्रसिका (अन्ननलिका) जठरास जेथे मिळते, तेथील लहानशा ग्रंथिहीन भागात पडणारा व्रण. या भागावर जठराच्या इतर भागांप्रमाणे श्लेष्म्याचे संरक्षक आवरण नसते. अम्लाशी वारंवार संपर्क आल्यास तेथील अस्तर जाड व खरखरीत होते, त्यास भेगा पडतात व पुढे व्रण तयार होतो. व्रणातील रक्तवाहिनी फुटल्यास वरकरणी निरोगी दिसणारे डुक्कर अचानक दगावते. रक्तस्राव सावकाश झाल्यास त्वचा फिकी पडते व विष्ठा डांबरासारखी काळी होते. पुष्कळदा हा विकार कत्तलखान्यातील तपासणीतच उघडकीस येतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदिस्त वराहपालन वाढले, तसा हा विकार ठळकपणे पुढे आला व त्याचा संबंध प्रथम खाद्याशी जोडला गेला. खाद्य फार बारीक दळलेले असल्यास जठरातील अन्न पातळ होऊन सहज ढवळले जाते आणि तळाकडील तीव्र अम्ल ग्रंथिहीन भागापर्यंत पोहोचते. उपासमार, वाहतूक व दाटी यांनीही धोका वाढतो.

सूक्ष्मजंतूंचा विचार निराळ्या मार्गाने आला. इटालियन शास्त्रज्ञ जूल्यो बिद्झोझेरो यांनी १८९३ मध्ये कुत्र्याच्या जठरातील सर्पिल सूक्ष्मजंतूंचे वर्णन केले होते. पण तीव्र अम्लात जंतू टिकत नाहीत, या समजुतीमुळे त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी मानवी जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचे संवर्धन केले. या शोधाबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मार्शल व वॉरन यांच्या संशोधनानंतर इतर प्राण्यांच्या जठरांकडेही लक्ष वेधले गेले. १९९० मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी डुकराच्या जठरातील सर्पिल जंतूचे वर्णन करून त्यास गॅस्ट्रोस्पिरिलम सुइस हे नाव सुचविले. तो हेलिकोबॅक्टर वंशातील असल्याचे १९९९ मध्ये आनुवंशिक परीक्षणाने दिसून आले. मात्र त्याचे संवर्धन साध्य होण्यास २००८ साल उजाडले. बेल्जियममधील गेंट विद्यापीठात अम्लयुक्त माध्यमात तो वाढविण्यात आला व हेलिकोबॅक्टर सुइस या नावाची रीतसर स्थापना झाली.

१९९६ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांना व्रण व हा जंतू यांत संबंध आढळला. परंतु नंतरच्या पाहण्यांचे व प्रायोगिक संसर्गांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. मुख्य अडचण स्थानाची आहे : जंतूची वस्ती जठराच्या ग्रंथियुक्त भागात असते, तर व्रण ग्रंथिहीन भागात पडतो. अम्ल स्रवणाऱ्या कोशिकांचे कार्य बिघडवून हा जंतू दूरवर परिणाम घडवीत असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. २०१७ मध्ये वर्णन झालेला फ्यूजोबॅक्टेरियम गॅस्ट्रोसुइस हा जंतू मात्र खुद्द ग्रंथिहीन भागातच आढळतो.

या प्रश्नास मानवी आरोग्याचीही बाजू आहे. हेलिकोबॅक्टर सुइसचा संसर्ग माणसास होऊन जठरशोथ (जठराची दाहयुक्त सूज) उद्‍भवू शकतो. २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी मानवी जठरातून त्याचे संवर्धन केल्याचे प्रसिद्ध केले. डुकरांतील व्रणाचे मूळ मात्र एकाच जंतूत शोधता येत नाही. त्यामुळे सबंध कळपास प्रतिजैविके देण्यापेक्षा खाद्य भरड ठेवणे, ते नियमित देणे व जनावरांवरील ताण कमी करणे हेच प्रतिबंधाचे मुख्य उपाय ठरतात.