जंबूकाकांची अल्प कारकीर्द

मोहोळ तालुक्यात, सीनेकाठच्या ज्वारीच्या रानांत कोल्हा हा कुणास परका नाही. पंचतंत्राच्या द्वारे तर तो सुशिक्षितांच्या घरांतही केव्हाच शिरला. परंतु १९३४ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'जंबूकाका' या व्यंगचित्रपटात त्यास चालते-बोलते केले, हे आज कितीकांस ठाऊक असेल? जंबुक म्हणजे कोल्हा; त्यास काकांचे नाते चिकटविण्यात अस्सल मराठी विनोदबुद्धी दिसते. चित्रकार होते रघुनाथ केळकर.

हे काम किती कष्टाचे! पडद्यावर सेकंदास चोवीस चित्रे सरकतात. दहा मिनिटांस १४,४००. एकेक चित्र दोनदा टिपले, तरी ७,२०० रेखाटने हवीतच. १९२८ साली 'स्टीमबोट विली'मधून गाजलेल्या मिकी उंदरामागे वॉल्ट डिस्ने यांच्या कारखान्यातील चित्रकारांचा ताफा उभा राहिला, आणि त्याची कारकीर्द पिढ्यान्‌पिढ्या चालली. जंबूकाकांस असे पाठबळ लाभले नाही. १९५३ साली खुद्द प्रभातचीच दारे बंद झाली.

उंदराहून आपला कोल्हा बुद्धीने उणा खास नव्हता. कल्पनेची श्रीमंती आपल्यापाशी होती. उणीव होती ती तिच्या चिकाटीने केलेल्या जोपासनेची, असेच म्हणावे लागते.