गणेशोत्सवातील मेळे

सभामंडपाचे काम चालू असता संध्याकाळी पारावर जी जुनी मंडळी बसत, त्यांच्या बोलण्यात एक विषय पुन्हा पुन्हा निघे. तो म्हणजे मेळ्यांचा. कोणाला जुन्या पदाची चाल तेवढी आठवे, शब्द आठवत नसत. कोणाला फेट्यांचा रंग आठवे. शेजारी उभ्या असलेल्या तरुण मंडळींना मात्र 'मेळा' म्हणजे नेमके काय, हेच ठाऊक नव्हते. शब्द कानावरून गेलेला, पण वस्तू पाहिलेली नाही. या मंडपात पुढेही उत्सव व्हायचे आहेत. त्या दृष्टीने, महाराष्ट्रात सार्वजनिक उत्सवाच्या निमित्ताने सामान्य माणसांनी स्वतः उभारलेल्या या कलेचा इतिहास थोडक्यात देणे अप्रस्तुत होणार नाही.

मेळा म्हणजे गाणाऱ्या मुलांचे व तरुणांचे पथक. वीस-पंचवीस मुलांपासून ते शंभराच्या वर संख्या असलेले मेळेही असत. एकसारखा पोशाख, बहुधा मावळ्यांचा, डोक्याला फेटा, हातात लेझीम, झांज किंवा काठी, सोबत पेटी आणि तबला किंवा ढोलकी. एका गणपतीपुढून दुसऱ्या गणपतीपुढे असा मेळा रात्रभर फिरे. प्रत्येक ठिकाणी गोल धरून पदे म्हणावयाची, मध्ये थोडे संवाद, एखादा पोवाडा, काही लेझमीचे हात आणि शेवटी आरती. मेळ्यात बिदागी घेऊन आलेला कलावंत सहसा नसे. पदे रचणारा त्याच आळीतला, चाली बसवणारा त्याच आळीतला, आणि कपडे शिवणारा शिंपीही बहुधा तिथलाच. वर्गणी काढून कापड आणावयाचे, उरलेल्या पैशांत गॅसबत्तीचे भाडे भागवावयाचे.

मेळ्यांचा जन्म पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबर झाला. गणपती घरोघर पूर्वीपासून बसत. पेशव्यांच्या वाड्यात व सरदारांच्या घरी उत्सव थाटाने होत असे. परंतु तो दरबारी उत्सव, चौकातला नव्हे. कृष्णाजीपंत खासगीवाले यांनी ग्वाल्हेर येथे शिंदे सरकारांचा उत्सव पाहिला व तसा काही प्रकार पुण्यात सर्वांसाठी व्हावा असे त्यांच्या मनाने घेतले. वैद्य भाऊसाहेब रंगारी आणि गणेश नारायण घोटवडेकर यांची त्यांना साथ मिळाली. प्रारंभाचे वर्ष १८९२ की १८९३ यावरून पुण्यात आजही वाद होतो. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. १८९३ मध्ये उत्सव झाला, लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून त्याचे स्वागत केले आणि पुढील वर्षी, म्हणजे १८९४ साली, तो पुण्यात चहूकडे पसरला, ही गोष्ट निर्विवाद आहे. मुंबईत गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीतही १८९३ पासूनच गणपती बसू लागला. चाळकऱ्यांचा उत्सव म्हणून त्याची आठवण विशेष.

या ठिकाणी एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. स्मरणिकेत गोडच लिहावयाचे असा प्रघात असला, तरी इतिहास अर्धा सांगता येत नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता. त्यापूर्वी पुण्यातील हिंदू मंडळी मोहरमच्या ताबुतांत मोकळेपणाने भाग घेत, ताबुतांपुढे नाचत-गात. गणपतीच्या मेळ्यांची बांधणी पुष्कळ अंशी ताबुतांपुढील त्या मेळ्यांवरूनच घेतलेली आहे. नावही तेथलेच. आणि तरी १८९४ च्या अनेक पदांतून हिंदूंनी मोहरमला जाऊ नये असा उघड उपदेश होता. त्याच साली सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळील मशिदीवरून एक मेळा वाद्ये वाजवीत गेला आणि मारामारी झाली. ज्यांच्याकडून कला उचलली त्यांच्याशीच तिच्या जोरावर तंटा झाला. याच्या उलट उदाहरणही पुण्यातच आहे. गुरुजी तालमीच्या गणपतीची परंपरा १८८७ पासूनची सांगतात, आणि ती हिंदू व मुसलमान घराण्यांनी मिळून सुरू केली असे त्या तालमीची मंडळी अभिमानाने सांगत आली आहेत.

आता मेळा प्रत्यक्ष कसा तयार होई ते पाहू. पावसाळा लागला की तालमीला सुरुवात होई. पद रचणारा कवी म्हणजे शाळामास्तर, कारकून, कधी छापखान्यातला जुळारी. प्रसिद्ध कवींच्या यादीत यांची नावे सापडणार नाहीत. चाल स्वतंत्र बांधण्याची फारशी गरज पडत नसे. किर्लोस्कर मंडळींच्या व पुढे इतर संगीत नाटकांच्या चाली लोकांच्या ओठावर असत, त्यांवर नवे शब्द बसवले जात. त्यामुळे पद एकदा ऐकले की श्रोत्यांनाही म्हणता येई. विषय मात्र ताजे असत : दुष्काळ, प्लेग, दारू, स्वदेशी, शिवाजी महाराज. पहिले एक-दोन दिवस गणेशस्तवन झाले की पुढे सगळे जगाचे. पदांची छोटी पुस्तके छापून विकली जात. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला देशात काय चालले आहे ते मेळ्यातून कळे. सन्मित्र समाजाचा मेळा पुण्यात मोठा मानला जाई.

मेळ्याच्या पदाचे मोल काय होते, हे नाशिकच्या उदाहरणावरून ध्यानात येते. तेथे सावरकर बंधू व त्यांच्या सोबत्यांनी १९०० च्या सुमारास मित्रमेळा काढला. गणेशोत्सव व शिवजयंती ही त्यांची व्यासपीठे. गोविंद त्र्यंबक दरेकर, ज्यांना सर्व 'कवी गोविंद' म्हणून ओळखत, हे पायांनी अधू. पूर्वी ते लावण्या रचीत. या तरुणांच्या सहवासात त्यांची लेखणी वळली आणि मित्रमेळ्याची मुले त्यांची पदे गाऊ लागली. विनायकराव सावरकरांनी रचलेले सिंहगड व बाजीप्रभू यांवरचे पोवाडेही ही मुले म्हणत. पुढे सरकारने हे पोवाडे जप्त केले. गोविंदांच्या कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. थोडी पाने, काही कविता, आणि शिक्षा अंदमानची! सरकार या पदांना किती भीत होते याला दुसरा पुरावा नको.

टिळक तर १९०८ सालीच सहा वर्षांसाठी मंडालेला गेले होते. १९१० पासून मेळ्यांवर निर्बंध आले. पदे आधी पोलिसांना दाखवावयाची, मंजूर झाली तरच म्हणावयाची. चाल बसवलेली, मुलांना पाठ झालेली, आणि आयत्या वेळी तीन कडवी काटलेली, असा प्रकार होऊ लागला. काही मेळे बंद पडले. काहींनी पौराणिक कथांचा आश्रय घेतला. कीचकाचे वर्णन ऐकताना कोणत्या साहेबाची आठवण करावी, हे श्रोत्यांना सांगावे लागत नसे. टिळक १९१४ मध्ये सुटून आल्यावर उत्सवाला पुन्हा जोर आला.

पण मेळ्यांत कोणाचा आवाज होता? हा प्रश्न फार दिवस टळला नाही. पुण्यातील प्रमुख मेळे बहुतांशी ब्राह्मण वस्तीतले. पदांतून शिवाजी महाराजांचे गुणगान होई, परंतु महाराजांच्या मावळ्यांचे वंशज बहुधा प्रेक्षकांत उभे असत. १९२२ च्या सुमारास केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदी मंडळींनी छत्रपती मेळा उभा केला आणि तेच हत्यार उलटे फिरविले. या मेळ्याची पदे सत्यशोधक वळणाची, बोली सरळ, टीका झोंबणारी. दोन बाजूंच्या मेळ्यांत चकमकी झडल्या, पदांना पदांनी उत्तरे दिली गेली, क्वचित हातघाईही झाली. पदांतील भाषा दोन्हीकडून सभ्यपणाची मर्यादा ओलांडी, हे कबूल केले पाहिजे. तरी ज्याला बोलू दिले नव्हते त्याने बोलण्यासाठी मेळाच निवडला, ही गोष्ट महत्त्वाची. खेडोपाडी सत्यशोधक जलशांनी आधीच जी वाट पाडली होती, ती अशी शहराच्या चौकात येऊन पोचली.

१९२६ साली मुंबईत दादरला याहून मूलभूत प्रश्न उभा राहिला. उत्सव सार्वजनिक, वर्गणी सर्वांची, मग पूजेचा हक्क सर्वांना का नाही? अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या हातून गणपतीची पूजा व्हावी अशी मागणी पुढे आली. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्या प्रकरणात होते. मंडपाबाहेर गर्दी जमली, वातावरण तापले. अखेर वाटाघाटी होऊन तडजोड निघाली : गणपत महादेव जाधव ऊर्फ मडकेबुवा या दलित कार्यकर्त्याने फुले पुजाऱ्याच्या हाती द्यावी व पुजाऱ्याने ती देवाला वाहावी. आजच्या वाचकाला ही तडजोड अगदीच तोकडी वाटेल, आणि ती तोकडी होतीच. पण त्या दिवशी तेवढ्यासाठीसुद्धा दिवसभर झगडावे लागले. त्याच वर्षी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला, त्यामागे हेच प्रकरण होते. देणगीदारांच्या नावांचा फलक लावताना प्रत्येक देवस्थानाने आठवावी अशी ही हकीकत आहे.

इतक्या वादळांतून जात असता मेळ्यांनी आणखी एक काम निमूटपणे केले. त्यांनी कलावंत घडविले. ज्या मुलांना गाणे शिकविण्याची ऐपत घरात नव्हती, त्यांना मेळ्याने आवाज कसा लावावा, ताल कसा धरावा, हजार माणसांपुढे न घाबरता कसे उभे राहावे, हे शिकविले. लावणीगायिका सुलोचना चव्हाण यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. गिरगावात लहानपणी त्या श्रीकृष्ण बाल मेळ्यात काम करीत. तेथून त्यांचा प्रवास पार्श्वगायनाकडे व लावणीकडे झाला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या. मेळ्यातून निघालेली इतर कित्येक मुले पुढे गिरणीत, शेतीत, नोकरीत गेली. त्यांची नावे कोठे छापली गेली नाहीत, पण गावच्या भजनी मंडळात पहिला सूर लावणारा माणूस पुष्कळदा त्यांच्यातलाच असे.

मग मेळे गेले कोठे? कोणी बंद केले नाहीत. ध्वनिक्षेपक आला. चौकात गजाननराव वाटव्यांचे भावगीत ऐकावयास हजारो लोक रस्त्यावर बसू लागले, आणि तेही गाणे अस्सलच होते, त्यामुळे तक्रार कोणाची करावी? नंतर चित्रपटगीतांच्या तबकड्या आल्या, ऑर्केस्ट्रा आला. स्वातंत्र्य मिळाल्यावर पदांतला जुना विषय संपला आणि तितका जिव्हाळ्याचा नवा विषय पदकर्त्यांना सापडला नाही. लोकांची नजर देखाव्यांकडे वळली. त्या क्षेत्रात पुण्यात शिल्पकार डी. एस. खटावकर यांच्यासारख्यांनी तुळशीबागेच्या गणपतीपुढे जी कामे उभी केली, ती पाहण्यास गावोगावचे लोक एस.टी. भरून जात. मुंबईत लालबागच्या गणेश गल्लीत १९७७ साली दीनानाथ वेलिंग यांनी बावीस फुटांची मूर्ती घडविली. हे सर्व भव्यच. फरक इतकाच की, देखावा पाहावयाचा असतो. मेळ्यात प्रत्येक घरचे कोणी ना कोणी उभे असे, आणि आई गर्दीतून आपला मुलगा कुठल्या ओळीत आहे ते शोधत असे.

खेड्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आली. वाड्यावाड्यांत गणपती बसू लागले, वर्गणी वाटली गेली, भांडणेही वाटली गेली. यावर बेलापूरजवळील अग्रोळी गावाने १९६१ पासून 'एक गाव, एक गणपती' असा मार्ग धरला. तो निर्णय घडवून आणण्यात कॉम्रेड भाऊ सखाराम पाटील यांचा पुढाकार होता. पुढे सरकारनेही त्याच नावाने मोहीम चालविली. पुण्यात अलीकडे ढोल-ताशांची जी पथके दिसतात, त्यांतील मुलगे आणि मुली नदीकाठी दोन-दोन महिने सराव करतात, पदरचे पैसे घालून पोशाख करतात. त्यात शब्द नाहीत, परंतु सरावाच्या त्या संध्याकाळी पाहिल्या की जुन्या माणसांना मेळ्याची तालीम आठवते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला.

मेळ्यांच्या पदांची पुस्तके हलक्या कागदावर छापलेली असत. घडी घातली की तुटतात, आणि पुस्तकांच्या दुकानात ती आता मिळत नाहीत. ती आहेत माळ्यावरच्या ट्रंकांत, जुन्या पोथ्यांच्या बासनात, कोठे पंचांगांच्या गठ्ठ्यात. शिवाय हाताने उतरलेल्या वह्याही असतात, ज्यांत पदाच्या डोक्यावर अमुक नाटकातील अमुक गाण्याची चाल असे लिहिलेले असते. ज्या ग्रामस्थांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी एकदा देवस्थानच्या कार्यालयात दाखवावे. मूळ प्रत घरमालकाकडेच राहील, फक्त नक्कल उतरून घेतली जाईल. आणि ज्या वृद्ध मंडळींना चाली आठवतात, त्यांनी सभामंडपात येऊन त्या मुलांना म्हणून दाखवाव्यात. सायंकाळच्या आरतीनंतर मंडप मोकळा असतो.