गडाचं पाणी

किल्ला म्हटलं की आपल्याला तट, बुरूज आणि तोफा आठवतात. आज आपण त्याच किल्ल्यातल्या पाण्याविषयी बोलू.

१६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. सुमारे चार महिने शिवाजी महाराज गडावर अडकले होते. अशा वेळी पायथ्याचं पाणी शत्रूच्या ताब्यात जातं. वर जे साठवलेलं असेल, त्यावरच माणसं आणि जनावरं जगायची. पन्हाळ्यावर अंधारबाव आहे. ही तीन मजली दगडी इमारत असून विहीर तिच्या तळाशी आहे. वर पहारा आणि खाली पाणी, म्हणजे त्यात कोणी विष कालवू नये ही काळजी.

मालवणजवळ भर समुद्रात सिंधुदुर्ग आहे. त्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं. चहूकडे खारं पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. नावंच सांगतात, त्या पाण्याचं मोल किती होतं.

रायगडावर गंगासागर, कुशावर्त, हत्ती तलाव आणि कितीतरी टाकी आहेत. तळं खोदताना निघालेला दगड बांधकामाला लावायचा, ही गडावरची रीत. एकाच कष्टात पाणीही झालं आणि भिंतही उभी राहिली.

हे सगळं अनुभवाचं शहाणपण रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त लिहून ठेवलंय. त्यांचं सांगणं असं, की किल्ला बांधण्याआधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल, तर खडक फोडून टाकी करा, पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढं पाणी साठवा. आणि झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी राखीव ठेवा, एरवी त्यांना हात लावू नका.

मैत्रिणींनो, हा नियम आपल्या ओळखीचा आहे. बचत गटात आपण सगळी रक्कम कर्जाला वाटून टाकत नाही, अडीनडीला थोडी मागे ठेवतो. पाण्याच्या बाबतीत मात्र गावं हे विसरली. घरात नळ आला आणि जुन्या विहिरीत कचरा पडू लागला. मग ऐन वैशाखात मोटार जळते, आणि हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतो त्या आपणच.

गावच्या पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथे नुसती सही करून उठू नका. पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा, नळ बंद पडला तर आपलं राखीव पाणी कुठे आहे? उत्तर मिळालं नाही, तर त्या जुन्या विहिरीचा गाळ काढायचा ठराव तिथेच मांडा. पावसाळ्याआधी उपसलेली विहीरच पावसाचं पाणी धरेल.