ओयामेलच्या रानातली फुलपाखरे

मेक्सिको सिटीच्या पश्चिमेला, मिचोआकान आणि मेक्सिको या दोन राज्यांच्या सीमेवर ज्वालामुखींतून उभी राहिलेली डोंगररांग आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर तिथे ओयामेल या सूचिपर्णी वृक्षांची राने आहेत. कॅनडाच्या दक्षिण भागातून आणि अमेरिकेच्या पूर्वेकडून निघालेली मोनार्क फुलपाखरे नोव्हेंबरच्या सुरुवातीला या रानांत उतरतात आणि मार्चपर्यंत मुक्कामाला असतात. काहींची वाटचाल ४,००० किलोमीटरहून अधिक होते. फुलपाखराचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. हे दृश्य पाहायला आज देशोदेशीची कुटुंबे मुलाबाळांसह येतात. ही पर्यटनाची वहिवाट मात्र अगदी अलीकडची आहे. तिला पन्नास वर्षेही झालेली नाहीत.

हे स्थलांतर समजायला मोनार्कचे आयुष्य पाहावे लागते. त्याची अळी मिल्कवीड या चिकाळ वनस्पतींवरच वाढते. आपल्याकडची रुई याच कुळातली आणि रुईच्या पानांवर वाढणारे प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू मोनार्कच्याच प्रजातीतले. उन्हाळ्यात उत्तरेकडे मोनार्कच्या एकामागून एक पिढ्या होतात आणि प्रत्येक पिढी काही आठवड्यांत संपते. उन्हाळा सरताना जन्मणारी पिढी मात्र वेगळी निघते. ती लगेच अंडी घालत नाही, फुलांतला मध पिऊन अंगात चरबी साठवते आणि दक्षिणेची वाट धरते. ही फुलपाखरे आठेक महिने जगतात. मार्चमध्ये परतीला निघून ती वाटेत अंडी घालतात आणि मरतात. उत्तरेत पोचतात ती त्यांची पुढची पिढी. म्हणजे पुढच्या नोव्हेंबरात मेक्सिकोला येणाऱ्या एकाही फुलपाखराने ते रान आधी पाहिलेले नसते.

डोंगराखालच्या गावांना या पाहुण्यांची माहिती पूर्वापार होती. या भागात मासाहुआ आणि ओतोमी या आदिवासी समाजांची वस्ती आहे. फुलपाखरे येतात त्याच सुमारास, १ आणि २ नोव्हेंबरला, मेक्सिकोत मृतांचा सण असतो. गेलेल्या माणसांचे आत्मे फुलपाखरांच्या रूपाने घरी परततात, अशी इथली श्रद्धा. ओयामेलच्या फांद्यांनी सणासुदीला चर्च सजवण्याचीही रीत आहे. कोन्तेपेक गावात १९४० साली जन्मलेले कवी ओमेरो आरिदहिस लहानपणी गावामागच्या आल्तामिरानो डोंगरावर ही फुलपाखरे पाहतच वाढले. लोकांना ठाऊक नव्हते ते एवढेच, की ही येतात कुठून. उत्तरेकडच्या शास्त्रज्ञांना नेमका उलटा प्रश्न पडला होता: ही जातात कुठे?

टोरोंटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कर्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी या प्रश्नाला जवळपास चाळीस वर्षे दिली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेड यांनी फुलपाखरांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावण्याचे प्रयोग सुरू केले. आधीच्या चिठ्ठ्या पावसात गळून पडत. शेवटी दुकानात मालावर किमतीसाठी लावतात तशी चिकटपट्टी उपयोगी पडली. पंखाच्या पुढच्या कडेवरचे खवले बोटाने हलकेच पुसायचे आणि त्या जागी चिमुकली पट्टी दुमडून दाबायची. पट्टीवर क्रमांक असे आणि टोरोंटो विद्यापीठाला कळवण्याची विनंती. १९५२ पासून त्यांनी या कामासाठी हौशी स्वयंसेवक जोडायला सुरुवात केली. शिक्षक, शाळकरी मुले, निवृत्त माणसे परसदारी फुलपाखरे पकडून चिठ्ठ्या लावू लागली. सापडलेल्या चिठ्ठ्यांच्या जागा नकाशावर मांडल्या की रेषा नैर्ऋत्येकडे, टेक्सासच्या दिशेने झुकत. त्यापुढे माग लागत नसे.

१९७२ साली नोरा यांनी मेक्सिकोतल्या वृत्तपत्रांतून मदतीचे आवाहन केले. मेक्सिको सिटीत राहणाऱ्या केन ब्रुगर या अमेरिकन माणसाने त्याला उत्तर दिले आणि आपल्या मोटारघरातून डोंगराळ भाग धुंडाळायला सुरुवात केली. मिचोआकानमध्ये जन्मलेल्या कातालिना आग्वादो त्यांच्यासोबत होत्या. पुढे दोघांनी लग्न केले. जानेवारी १९७५ मध्ये सेरो पेलोन या डोंगरावर त्यांना ओयामेलची झाडे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फुलपाखरांनी झाकलेली दिसली. ब्रुगर रंगांध होते. त्या नारिंगी रानाचा खरा रंग त्यांना कधीच दिसला नाही.

पुढच्या जानेवारीत अर्कर्ट दांपत्य स्वतः डोंगर चढून वर आले. फुलपाखरांच्या भाराने एक फांदी मोडून त्यांच्यासमोर पडली आणि खाली पडलेल्या त्या ढिगात एका पंखावर पांढरी चिठ्ठी निघाली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, चास्का गावी, आधीच्या ऑगस्टमध्ये एक शिक्षक आणि दोन शाळकरी मुलांनी ती लावली होती. उत्तरेतली फुलपाखरे इथेच येतात याचा तो पहिला सज्जड पुरावा ठरला. ऑगस्ट १९७६ च्या नॅशनल जिऑग्राफिक मासिकात अर्कर्ट यांचा लेख आला. मुखपृष्ठावर अंगभर फुलपाखरे बसलेल्या कातालिना होत्या. शोधाचे श्रेय मात्र दीर्घकाळ इतरांच्याच नावावर राहिले. कातालिना यांच्यावाचून हा शोध लागणे कठीण होते, कारण गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारी, या मातीतली माणूस त्या जोडीत त्याच होत्या.

अर्कर्ट यांनी लेखात डोंगराचे नाव दिले नाही. गर्दी लोटली तर फुलपाखरांवर गदा येईल, अशी त्यांना भीती होती. पण लेखातल्या धाग्यादोऱ्यांवरून विल्यम कॅल्व्हर्ट आणि लिंकन ब्रोअर या अमेरिकन संशोधकांनी काही महिन्यांतच सिएरा चिंकुआ हा दुसरा डोंगर गाठला. या प्रकरणात शास्त्रज्ञांमध्ये कडवट वाद झाले. ब्रोअर यांच्या पुढच्या कामाने मात्र या रानाचे महत्त्व नीट उलगडले. थंडीत फुलपाखरांची हालचाल मंदावते आणि साठवलेली चरबी हळूहळू खर्च होते. ऊब वाढली तर चरबी वेळेआधी संपते. गारठा फार झाला, त्यातही पंख भिजलेले असले, तर फुलपाखरू गोठून मरते. ओयामेलचे दाट छत रात्री पांघरुणासारखे ऊब धरून ठेवते आणि पावसात छत्रीचे काम करते. चार झाडे तोडून वर भोक पडले, की त्याखालच्या थव्याचा बचाव तेवढाच कमी होतो.

या रानावर पोट भरणारी माणसेही होतीच. डोंगराच्या कुशीतले आंगांगेओ हे गाव अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चांदीच्या खाणींवर वाढले आणि खाणींना लाकूड आसपासच्या रानांनीच पुरवले. मेक्सिकन क्रांतीनंतर बड्या जमीनदारांच्या जमिनी गावांना सामूहिक मालकीने वाटल्या गेल्या. अशा मालकीला एखीदो म्हणतात. एल रोसारिओ हे सर्वांत गाजलेले फुलपाखरू-ठिकाणही असेच एक एखीदो. म्हणजे जगाने १९७६ साली ‘शोधलेले’ रान कागदोपत्रीसुद्धा तिथल्या शेतकऱ्यांचे होते. लाकूड हे त्यांच्या हाती रोकड पैसा आणणारे साधन होते.

१९८० च्या दशकात मेक्सिकोतल्या पर्यावरणप्रेमींनी संरक्षणाची मागणी लावून धरली. कवी आरिदहिस यांनी १९८५ साली कलावंत-लेखकांचा ‘शंभरांचा गट’ उभा केला आणि या मागणीला मोठे बळ मिळाले. १९८६ च्या सरकारी हुकुमाने पाच डोंगरांवरचे सुमारे १६,००० हेक्टर क्षेत्र राखीव झाले. गाभ्याच्या भागात झाडतोडीला पूर्ण बंदी आली. जमीन गावकऱ्यांचीच राहिली, तिचा उपयोग मात्र त्यांच्या हातून गेला आणि बदल्यात पुरेशी भरपाई मिळाली नाही. या हुकुमाची ही मोठीच चूक होती. गावोगावी राग धुमसत राहिला आणि चोरटी तोड चालूच राहिली. २००० साली राखीव क्षेत्र ५६,००० हेक्टरांच्या पुढे नेताना ही चूक काही अंशी दुरुस्त झाली: तोडीचा हक्क सोडणाऱ्या एखीदोंना दरवर्षी पैसे देण्यासाठी कायमस्वरूपी निधी उभारला गेला. २००८ साली युनेस्कोने हे रान जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या प्रमाणावरची चोरटी तोड बरीच घटली, जरी ती पुरती थांबली नाही.

पर्यटनाचा जोर याच काळातला. एल रोसारिओ आणि सिएरा चिंकुआ ही ठिकाणे राजधानीतून काही तासांच्या रस्त्यावर असल्याने शनिवार-रविवारी कुटुंबांची रीघ लागते. तिकीट एखीदो घेते, वाटाड्या गावातलाच लागतो, चढ न सोसणाऱ्या आजीआजोबांसाठी आणि मुलांसाठी भाड्याची घोडी असतात. विरळ हवेत धाप लवकर लागते, त्यामुळे घोड्यांना गिऱ्हाईक कमी पडत नाही. वाटेवर मक्याच्या पोळ्या आणि सूप विकणाऱ्या बायकांच्या टपऱ्या असतात. थव्यापाशी पोचल्यावर दोरीपलीकडे जायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, फ्लॅश वापरायचा नाही आणि ठरलेली मिनिटे संपली की मागे फिरायचे, असा शिरस्ता आहे.

सकाळच्या गारव्यात नवख्याला आधी काहीच दिसत नाही. फांद्यांवर मळकट करड्या-पिवळसर रंगाचे जड घोस लोंबत असतात; ती मिटलेल्या पंखांची फुलपाखरे असतात, एकाला एक खेटून, फांदी वाकेपर्यंत. ऊन पडले की घोसाचा उन्हाकडचा भाग नारिंगी होतो, पंख उघडतात आणि थोड्या वेळात हवा फुलपाखरांनी भरून जाते. माणसे गप्प असली तर पंखांची सळसळ स्पष्ट ऐकू येते. फेब्रुवारीत, दिवस तापू लागल्यावर, थवे पाणी प्यायला खालच्या ओढ्यांकडे उतरतात आणि रस्ते ओलांडतात. त्या दिवसांत तिथे गाड्या अगदी सावकाश हाकायला लावतात.

फुलपाखरे एकेक करून मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेल्या रानाचे क्षेत्र मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते सुमारे १८ हेक्टर होते. २०१३-१४ मध्ये अवघे ०.६७ हेक्टर उरले. जानेवारी २००२ मधल्या एका ओल्या थंडीच्या वादळाने सिएरा चिंकुआ आणि एल रोसारिओ येथली तीन-चतुर्थांश फुलपाखरे मारली होती. पण दीर्घकालीन घट एकट्या मेक्सिकोतल्या कारणांनी झालेली नाही. अमेरिकेच्या मध्य भागात मका आणि सोयाबीनच्या शेतांत तणनाशकांचा वापर वाढला, तसे शेतातले मिल्कवीड नाहीसे झाले आणि अळ्यांचे खाद्यच तुटले.

रान राखणाऱ्यांनी या कामासाठी जिवाची जोखीमही पत्करली आहे. एल रोसारिओचे ओमेरो गोमेझ गोन्सालेस एके काळी लाकूडतोडीच्या धंद्यात होते. पुढे ते याच रानाचे सर्वांत परिचित राखणदार बनले आणि थव्यात उभे राहून केलेल्या त्यांच्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. जानेवारी २०२० मध्ये ते बेपत्ता झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एका विहिरीत त्यांचा मृतदेह सापडला. गावाने त्यानंतरही मोसम बंद ठेवला नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात फुलपाखरांनी ०.९ हेक्टर रान व्यापले, त्यापुढच्या हिवाळ्यात १.७९ हेक्टर. एखीदोचे सदस्य आजही आळीपाळीने रानात गस्त घालतात आणि उघड्या पडलेल्या उतारांवर ओयामेलची रोपे लावतात.