काज, फीत आणि नाताळचा गोळा

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाकडे एक खोकं आलं. आत नाताळच्या झाडाला टांगायचे जुने गोळे होते. काही प्लॅस्टिकचे, चार-पाच काचेचे, सगळ्यांची चमक उडालेली. देणाऱ्या बाई म्हणाल्या, "खाडीत टाकायला हात होईना, तुम्ही काहीतरी करा." आमच्याकडे झंपर शिवून उरलेली कतरण पोतंभर पडलेली. आम्ही गोळ्यांना कापड चढवायला बसलो आणि बसल्या बसल्या बोलणं कुठून कुठे गेलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

आपल्या शिवणाच्या डब्यापासून सुरुवात करू. काज, फीत, इस्त्री हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. नाताळ हा शब्दही त्यांचाच. आणि हो, पगारसुद्धा! पोर्तुगीजांनी १५२१ साली रेवदंड्यात किल्ला बांधायला घेतला, १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीज गेले, पण खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती वस्ती राहिली. पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली तिथे आजही घराघरांत बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास उरलेत. आपल्या किनाऱ्यावर नाताळ काही परवा दुकानातून आलेला नाही, तो इथे साडेचारशे-पाचशे वर्षं आहे.

मग कतरण कधीपासून आहे? आम्हाला यात फार मजा वाटली. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याचा स्तंभ रेवदंड्यात आहे, तुमच्यातल्या कितीतरी जणी त्यावरून रोज जात असतील. त्याने लिहून ठेवलंय की इथल्या राजाच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला दुसरं. म्हणजे न शिवलेलं. लुगडं, धोतर, उपरणं यांत कात्री लागतच नाही. कापड जुनं झालं की त्याची वाकळ व्हायची, शेवटी पोतेरं. कात्रीने बेतलेला कपडा वाढत गेला, तशी कतरण वाढली. १८५१ साली सिंगरच्या मशीनला पेटंट मिळालं, पुढे मशीन आपल्या गावांत आलं आणि पोती भरायला लागली.

चौलचं कापड तर जगभर जायचं. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने चौलच्या रेशमी कापडाचं वर्णन केलंय. चीनहून रेशीम यायचं, विणकाम इथे व्हायचं. पुढे इंग्रजांनी मुंबई वसवताना इथले विणकर तिकडे नेले. व्यापाऱ्यांची, कप्तानांची नावं कागदावर सापडतात. त्या धाग्याला हात लावणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव आम्हाला कुठे वाचायला मिळालं नाही.

आता त्या काचेच्या गोळ्याकडे या. तो जर्मनीतल्या लाउशा नावाच्या डोंगरी गावातला. तिथे १९ व्या शतकात घराघरांत हे काम चाले. पुरुष काच फुंकायचे. गोळ्याला आतून चांदी देणं, रंगवणं, बांधणं हे बायका आणि पोरांकडे. मग बायका भल्या मोठ्या टोपल्या पाठीवर घेऊन डोंगर उतरून झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे जायच्या. आमच्यातली एक कोळीण हे ऐकून म्हणाली, "आमची टोपली डोक्यावर, त्यांची पाठीवर, एवढाच फरक." १८८० मध्ये वूलवर्थ नावाच्या अमेरिकन दुकानदाराने हे गोळे विकायला घेतले आणि त्याचं नाव झालं. १९३९ च्या सुमारास अमेरिकेत विजेचे दिवे बनवणाऱ्या यंत्रावर गोळे निघू लागले. महायुद्धात चांदी आणि धातू मिळेना, तेव्हा साध्या काचेवर रंगाचे पट्टे ओढले आणि वरची टोपी पुठ्ठ्याची केली. म्हणजे असेल त्यात भागवणं तिथेही होतं.

आता आमची फजिती. आम्ही ४० गोळे केले, एका दुकानात दिले. १२ परत आले. लाल कापडाचा रंग दमट हवेत उतरून पांढऱ्या फितीला लागला होता. ते लाल कापड आमच्यातल्या एकीच्या आईच्या लुगड्याचं होतं. आई गेल्यावर तिने ते जपून ठेवलं होतं आणि गटासाठी कापायला दिलं. तिला काय सांगावं कळेना. तीच म्हणाली, "आईनं ते नेहमी वेगळं धुतलं, मीच विसरले."

म्हणून सांगतो, कतरण आधी धुवा, पांढऱ्या चिंधीवर घासून रंग पाहा. प्लॅस्टिकच्या गोळ्याची टोपी काढा आणि तो पुसून कोरडा करा. दोन्ही टोकांना निमुळत्या, मधे रुंद अशा आठ पट्ट्या कापा आणि कडेवर कड येईल अशा चिकटवा. खळ नको, तिला बुरशी येते आणि झुरळं कुरतडतात, फेव्हिकॉल घ्या. जोडावर फीत लावा. जुना काचेचा गोळा पाण्याने पुसू नका, रंग निघतो. कोरड्या मऊ कापडाने हलकेच झटका. तडा गेलेला असेल तर सरळ कागदात गुंडाळून बाजूला काढा, पोरांच्या हाती देऊ नका.

एका गोळ्याला आम्हाला पाऊण तास लागतो. दुकानदार म्हणाला, कापड तर फुकटचं, मग दर कमी करा. आम्ही त्याला पाऊण तासाचा हिशेब लिहून दिला. त्याने तो अजून परत केलेला नाही, मालही ठेवलाय. परत आलेल्या १२ गोळ्यांचं लाल कापड उसवून आम्ही धुतलं आणि लाल फीत लावून पुन्हा चढवलं. त्यातला एक तिने आपल्या घरी नेला. ती ख्रिस्ती नाही. दिवाळीत आकाशकंदिलाच्या खाली टांगणार म्हणते.