मुंबईच्या मंडईतील नासाडीचा हिशेब

१८६९ मध्ये मुंबईची क्रॉफर्ड मंडई, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, बांधून पूर्ण झाली. ताजी फळे आणि भाजीपाला यांच्या विक्रीस एक शिस्तबद्ध जागा मिळाली. परंतु सडलेला माल हा नगरशासनाच्या लेखी प्राधान्याने आरोग्याचा विषय राहिला. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाने आहारास अयोग्य असा माल जप्त करून नष्ट करण्याचा अधिकार आयुक्तास दिला. नष्ट झालेल्या मालाची किंमत कोणी सोसावयाची, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेबाहेरचा होता.

भाषेनेही या प्रश्नावर पडदाच टाकला आहे. ‘माल नासला’ या प्रयोगात माल हाच कर्ता. नासविणारा कोणी उरत नाही, आणि म्हणून देणेकरीही दिसत नाही. वास्तविक देणेकरी असतोच. २० रुपये दराने १०० किलो टोमॅटो घेतले व त्यांतील १० किलो टाकावे लागले, तर उरलेल्या प्रत्येक किलोची खरेदी २२.२२ रुपयांस पडते. नासाडी २० किलोंवर गेली की तीच २५ रुपये होते. तूट ज्या प्रमाणात वाढते त्याहून अधिक वेगाने दर चढतो, ही गोष्ट दुकानदार अनुभवाने जाणतो. वहीत मात्र ती खर्च म्हणून क्वचितच मांडली जाते. दिवस कलताच तो उरलेल्या भाजीचे वाटे लावतो. सायंकाळच्या गिऱ्हाइकास मिळालेल्या त्या सवलतीची तरतूद सकाळच्या दरात आधीच झालेली असते.

लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत टोमॅटोची हानी १२.४४ टक्के, तर पेरूची १५.८८ टक्के आढळली. यातील मोठा भाग शेतावरील कामांतच घडतो. तेवढ्यावरून किरकोळ दुकानातील नासाडी गौण ठरविणे बरोबर नाही. शेतात टाकलेल्या फळावर केवळ पिकविण्याचा खर्च झालेला असतो. दुकानात टाकलेल्या फळावर वाहतूक, हमाली, आडत आणि जागेचे भाडे हे सारे चढलेले असते. वजन तेच, पण तोटा कितीतरी मोठा.

१९६३ च्या महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन अधिनियमाचे लक्ष मुख्यतः घाऊक व्यवहारावर होते. १९९६ मध्ये मुंबईचा घाऊक फळबाजार वाशीस गेला. दक्षिण मुंबईतील दुकानदाराची खेप लांबली आणि मालाची चढउतारही वाढली. वाशीत सौदा होताना फळ टणक असते, गाळ्यावर पोहोचेतो चेपते. मधल्या वाटेवरील ही तूट सौद्यानंतरची, म्हणून दुकानदाराच्याच माथी येते.