संपातल्या कुर्ल्या

परवा रविवारी माझ्या चुलतभावाची मुलगी जेवायला आली होती. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावाहून नोकरीसाठी मुंबईत येऊन तिला जेमतेम चार महिने झालेत. जेवणं झाल्यावर म्हणाली, "आत्या, आजोबा कुर्ल्या धरायला बसायचे ती जागा दाखव ना मला. गावी सारखं सांगायचे, वरळीच्या खडपावर बसायचो म्हणून."

तिचे आजोबा म्हणजे माझे आप्पाकाका. तीन वर्षांपूर्वी गेले. माझे बाबा त्यांच्या आधीच गेले. त्यामुळे आज जे लिहिणार आहे ते लिहायला आता हरकत नसावी असं वाटतं. घरातली मंडळीही हे वाचतात, त्यांनी रागावू नये.

आधी काकांच्या कुर्ल्यांविषयी. काका आणि बाबा दोघे एकाच गिरणीत. काका साचेखात्यात, बाबा त्रासनात, म्हणजे सूत काततात त्या खात्यात. आम्ही सगळे वरळीच्या बीडीडी चाळीत एकाच खोलीत राहायचो. खोली १६० चौरस फुटांची. दोन भाऊ, दोन जावा, आम्ही चार मुलं, आणि गावाहून कुणी ना कुणी आलेलं असायचंच. काकांचा एकच शौक होता. पहिली पाळी सुटली की चहा पिऊन काठी घेऊन समुद्रावर जायचं.

काठी गावची, बांबूची, माझ्या दुप्पट उंच. तिला तंगूस बांधलेला. उरलेला तंगूस गिरणीतल्या एका मोडक्या लाकडी कांडीवर गुंडाळलेला (धोट्यात घालतात ती कांडी). वजनाला लोखंडी नट. आणि गंमत म्हणजे या सगळ्याला गळ नव्हताच! बांगड्याचं डोकं नाहीतर कोंबडीची आतडी दोऱ्यानं करकचून बांधायची आणि खडकांमधल्या घळीत हळूच सोडायची. खेकडा येतो, आमिष नांगीत धरतो, आणि मग सोडत नाही. तंगूस जरासा ताणला की काका काठी उचलायला लागायचे, पण इतकी सावकाश, की मला वाटायचं त्यांना झोपच लागली आहे. खेकडा पाण्याच्या वरच्या थराशी आला की खालून तारेच्या कड्याला शिवलेली गोणपाटाची झोळी सरकवायची. ते काम माझं. तेवढ्यात त्यानं आमिष सोडलं असतं तर तो सुटला असता. काही सुटायचेही. पण बहुतेक जण सोडत नसत. पाण्याबाहेर आले तरी धरूनच असत.

"सोडल्यान आसता तर वाचली आसती," काका दरवेळी म्हणायचे आणि कुर्ली पिशवीत टाकायचे.

कधी जायचं ते ठरवायला काकांना फक्त कालनिर्णय लागायचं. तिथीला पाऊणपट करायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा. म्हणजे उधाणाच्या दिवसांत संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. खडप उघडं पडलेलं असायचं, आणि पाणी पुन्हा चढायला लागलं की खेकडे खाण्याच्या शोधात निघायचे. पाढ्यांमधला पाऊणकीचा पाढा मला शाळेच्या आधी त्या खडकावर पाठ झाला.

कधीमधी एक वेगळा खेकडा लागायचा, पाठीवर पांढरट क्रुसासारखी खूण असलेला. तो काका ख्रिस्ती शेजाऱ्यांना देऊन टाकायचे. त्या आजींनी मला त्याची गोष्ट सांगितली होती. सेंट फ्रान्सिस झेवियर पूर्वेकडच्या मोलुक्का बेटांत असताना वादळात त्यांचा क्रूस समुद्रात पडला, आणि किनाऱ्याला लागल्यावर एक खेकडा तो दोन्ही नांग्यांत धरून त्यांच्यापुढे आला. झेवियरचं शव जुन्या गोव्यात आहे, त्यामुळे आजींना तो खेकडा अगदी माहेरचा वाटायचा. खेकड्याच्या न सोडण्याचं कुणी कौतुक केलेलं मी ऐकलं ते तेवढंच.

आता थोडा इतिहास. हा किनारा आपल्याला वाटतो तसा आदिकाळापासून असाच नव्हता. वरळी हे वेगळं बेट होतं. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि पार भायखळ्याकडच्या सखल भागापर्यंत पसरायचं. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या काळात ती खिंड बांध घालून बुजवायचं काम झालं. तोच हॉर्नबी वेलार्ड. वेलार्ड हा शब्द पोर्तुगीज 'वालादो'वरून आला, म्हणजे बांध किंवा कुंपण. हाजी अलीसमोरून आज जो लाला लजपतराय मार्ग जातो तो याच बांधावरून.

बांधाच्या आतली जमीन सुकली, तिथे वस्ती वाढली. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली ती ताडदेवला, म्हणजे बांधापासून हाकेच्या अंतरावर. पुढे १९२० साली सरकारनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. याच खात्यानं एका हातानं बॅक बेच्या समुद्रात भर घातली आणि दुसऱ्या हातानं कामगारांसाठी चाळी बांधल्या. बीडीडी चाळ हे नाव त्या खात्याचं. नुसत्या वरळीत अशा १२१ चाळी. म्हणजे आमची गिरणी काय, आमची खोली काय, दोन्ही समुद्र मागे हटवणाऱ्यांच्याच कृपेनं. समुद्राकडे आमच्यासाठी उरली होती ती ओहोटीला उघडी पडणारी काळ्या खडकाची पट्टी. तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं. तिथे पास लागत नव्हता, हजेरी लागत नव्हती.

या पट्टीचं मोल मला फार उशिरा कळलं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, अशा मागण्या होत्या. आणि आमच्या वतीनं बोलणार कोण हा मोठाच प्रश्न होता, कारण १९४६ च्या कायद्यानं एका उद्योगात एकच संघटना अधिकृत मानली जायची, आणि कामगारांना ती आपली वाटत नव्हती. हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा मी तिसरीत होते. मला एवढंच कळलं की भोंगा वाजत नाही, बाबा आणि काका दोघे दिवसा घरी असतात, आणि आपल्याकडे कुर्ल्या खूप होतात!

खरंच खूप व्हायच्या. आधी आठवड्यातून एखाद्या दिवशी, आता जवळजवळ रोज. मला वाटायचं काय चंगळ आहे. खडपावर गर्दीही वाढली. चाळीतले ओळखीचे काका-मामा कुणी काठी घेऊन, कुणी नुसती सुतळी घेऊन बसलेले असत. कालवं फोडायला बायका यायच्या. आई भांडी घासायची कामं करायला लागली होती, काकू पापड लाटायची. माझ्या लेखी ती मोठी सुट्टी होती.

एकच गोष्ट खटकायची. कालवणात नारळ नसायचा. मालवणी घरात कुर्ल्यांचं कालवण आणि नारळ नाही! कांदा, तिखट, मीठ, दोन सोलं, बस. मी एकदा विचारलं, तर काकू म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, उन्हाळ्यात नारळ बाधतो." मी शाळेत मैत्रिणींनाही तसं सांगितलं. जूनमध्ये समुद्र खवळला आणि खडपावर बसणं बंद झालं. त्या पावसाळ्यात आम्ही काय खाल्लं ते मला फारसं आठवत नाही. आठवायला काही नसावं.

दिवाळीनंतर बाबा कामावर गेले.

ते एवढ्या एका वाक्यात संपत नाही, पण मला त्याहून जास्त लिहिता येत नाही. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या भावाला, टायफॉइड झाला होता आणि औषधाला पैसे नव्हते, हे खरं आहे. गिरणीच्या गाडीतून पहाटे तोंड लपवून जाणाऱ्यांत बाबा होते, हेही खरं आहे. त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलेनासे झाले. १६० चौरस फुटांत. काका बाहेर व्हरांड्यात झोपायला लागले.

पण कुर्ल्या येत राहिल्या. काका पिशवी मोरीत ठेवायचे आणि काही न बोलता बाहेर जायचे. बाबांचा पगार झाल्यावर त्या आठवड्यात आईनं कालवण केलं आणि त्यात नारळ घातला. किती महिन्यांनी वाटणाचा वास आला होता घरात! मी आनंदानं ओरडले, "काका, आज नारळ!" काकांनी ताटाकडे पाहिलं. मग त्यांनी भातावर मीठ घेतलं, ताक मागितलं आणि कालवणाला हात न लावता जेवून उठले. बाबाही जेवले नाहीत. त्या दिवशीचं कालवण आम्ही मुलांनी संपवलं.

कधीतरी चाळीत कुणी तो प्रसिद्ध विनोद सांगितला. मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की बाकीचे त्याचे पाय ओढतात. सगळे हसले. रोख बाबांवर होता की काकांवर, मला कळलं नाही. काका तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "कुर्ली ओढणा नाय गो, ती धरता." मी पुष्कळ खेकडे जवळून पाहिलेत, आणि मला काकांचं पटतं. खेकडा हाताशी येईल ते धरतो. दुसऱ्याला खाली आणावं असं त्याच्या मनात नसतं.

तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. काकांना गिरणीनं पुन्हा घेतलं नाही. दोन वर्षं त्यांनी कुठे कुठे वॉचमनगिरी केली आणि १९८५ साली कुटुंब घेऊन गावी गेले. डॉ. सामंतांचा १९९७ साली खून झाला. बाबांची गिरणीही पुढे बंद पडली. म्हणजे ज्यानं धरून ठेवलं त्याचं गेलं आणि ज्यानं सोडलं त्याचंही गेलं. "सोडल्यान आसता तर" हे वाक्य मी आयुष्यभर दोघांनाही लावून पाहिलं. दोघांनाही ते बसत नाही.

काका गावी गेल्यावर दर मे महिन्यात एस्टीनं नारळांचं एक पोतं यायचं. चिठ्ठी नाही, काही नाही. बाबा ते नारळ स्वतः सोलायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

असो.

तर त्या रविवारी संध्याकाळी मी भाचीला घेऊन वरळी सी-फेसला गेले. किनारा रस्त्याचं काम २०१८ साली सुरू झालं, २०२४ च्या मार्चमध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. त्यासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भर घातली. २०२५ च्या ऑगस्टपासून समुद्राच्या कडेनं फिरायची लांबलचक वाटही खुली आहे. मी उगाच नावं ठेवणार नाही, मी स्वतः त्या रस्त्यानं जाते आणि माझा वेळ वाचतो. तिथली काही पोवळी २०२० साली काळजीपूर्वक उचलून दुसरीकडे लावली, तेही चांगलं झालं. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांच्या होड्यांच्या वाटेवर पुलाचे खांब येणार होते, त्यांत ६० मीटरचं अंतर होतं. कोळी हटून बसले, काम अडवलं, आणि २०२२ च्या डिसेंबरात ते अंतर १२० मीटर करायचं मान्य झालं. धरून ठेवल्यानं कधीतरी मिळतंही, हे बघायला काका हवे होते.

पण खडपाच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. काठी घेऊन बसणाऱ्यांची ना सोसायटी होती ना होड्या. आणि 'अडचणीच्या दिवसांत माणसानं कुणाला न विचारता जाऊन बसायची जागा' असा रकाना कुठल्याच नकाशात नसतो.

मी भाचीला काकांची जागा दाखवू शकले नाही. या दिव्याच्या खांबापासून त्या बाकापर्यंत कुठेतरी, रस्त्याच्या पोटात, एवढंच सांगितलं. ती कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "आज तिथी कुठली गं?" मी म्हटलं दशमी. ती लगेच म्हणाली, "दहा पाऊणे साडेसात." सव्वासात वाजले होते. आम्ही थांबलो. दशमीची भरती ती, भांगाची, जोर नसलेली. पण साडेसातच्या सुमाराला पाणी नव्या भिंतीच्या दगडांवर चढायचं थांबलं आणि तिथेच डुचमळत राहिलं. तिनं फोनमध्ये वेळ बघितली आणि नुसती हसली.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गिरणी होती त्यांना एक विनंती. संपात कोण काय बोललं हे आता पुस्तकांतून आलं आहे. घरात कुणी मोठी बाई असेल तर तिला विचारा, त्या दिवसांत चुलीवर काय शिजत होतं, आणि ते कुठून येत होतं. सांगेल ते लिहून ठेवा.